मी तिला क्षमा केली होती

एम.सी.ए. ही जी पदवी मी गेली दहा वर्षं माझ्या नावापुढे लावतो, तिच्यावर पहिला हक्क माझ्या बायकोचा होता. तो मी घेतला. भांडून नाही, मागून नाही. तिच्या नकळत, एका दुपारी, निपाणीतल्या एका सायबर कॅफेत बसून घेतला. हे मी आईला कधी सांगितलं नाही, मित्राला नाही. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवापुढे उभा राहायचो तेव्हाही मनातल्या मनात अर्धंच वाक्य व्हायचं, आणि मग मी घंटा वाजवून बाहेर यायचो. पूर्ण वाक्य आज पहिल्यांदा लिहितोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

सुरुवातीपासून सांगतो. म्हणजे जमेल तिथून.

मी निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत कामाला होतो. बी.कॉम. झालेला, पण काम नाकाचं आणि हाताचं. पोतं सोडायचं, मूठभर माल घ्यायचा, चुरगळून वास घ्यायचा आणि प्रत सांगायची. अकरा वर्षं केलं. कपड्यांना वास, उशीला वास, लेकीला उचलून घेतलं की ती शिंकायची. मग एकेक वखार बंद पडायला लागली. आमचीही कधी ना कधी पडणार, हे शेठही बोलून दाखवायचे. मी चौतीस वर्षांचा होतो. मला दुसरं काही येत नव्हतं.

त्रिशलाला येत होतं. त्रिशला म्हणजे माझी बायको. चिकोडीकडच्या खेड्यातली, शेतकरी जैन घरातली, सगळं शिक्षण कानडीतून, बी.एस्सी.ला गणित. लग्न झालं आणि गणित राहिलं. पण राहिलं म्हणजे गेलं नव्हतं. भाकरी थापताना ती शेजारच्या पोरांना गणितं सांगायची, पीठ लागलेल्या बोटानं हवेत. आमच्याशी मराठी बोलायची, पण मोजायला लागली की कानडीत: ओंदु, एरडु, मूरु. आमची श्रुती तेव्हा चार वर्षांची होती. ती तिचं ऐकून कानडीतच मोजायला शिकली.

एम.सी.ए.ची कल्पना तिची. कानडी पेपरात तिनं वाचलं, की कॉमर्सवाल्यांनाही प्रवेश परीक्षा देऊन एम.सी.ए. करता येतं, गणित कच्चं असेल तर पहिल्या सहामाहीत वेगळा वर्ग असतो. संध्याकाळी मी वखारीतून आलो. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून ताट तयार होतं. तिनं पेपर ताटाच्या शेजारी ठेवला.

“ह्ये करा,” ती म्हणाली. “अजून किती वर्सं वास घेत बसणार?”

“गणित कोण शिकवणार?”

“मी हाय की. आणि मीबी परीक्षा देतो. बघूया कुणाचं हुतंय.”

आई चुलीपाशी होती. तिथनंच म्हणाली, “दोघंबी शिकाय गेल्यावर ह्या पोरीला काय मी वखारीत बसवू?” आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. आईचं नाव मी यात कुठेच घेणार नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं आणि आता ती नाही.

चार महिने अभ्यास केला. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्रिशला मला संच, निश्चयक, संभाव्यता शिकवायची. मी चुकलो की रागवायची नाही. थांबायची, पेन्सिल माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, “परत पयल्या ओळीवरनं.” मला कधीकधी त्याचाच राग यायचा. तिच्या न रागावण्याचा. हे तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळतं.

निकाल लागला. तिचा क्रमांक तीन आकडी, माझा चार आकडी. चार आकड्यांतलाही मागचा.

कागदपत्रं तपासायला आम्ही दोघं बेळगावला गेलो. काम लवकर झालं. मग कॅम्पमधल्या झाडांखालून उगाच हिंडलो, कुंदा खाल्ला, आणि परतीच्या एस.टी.त तिनं खिडकीकडची जागा मला दिली, कारण मला गाडी लागते. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. तिच्या हातातली प्लॅस्टिकची फाइल, तिच्यावर तिनं चिकटवलेलं स्वतःचं नाव. लग्नाआधीचं नाव होतं ते, दहावीच्या सर्टिफिकेटावरचं.

कॉलेजांचे पर्याय भरायचे होते. फॉर्म तिनंच भरले, माझाही आणि तिचाही. त्याच सायबर कॅफेत, एका बाकड्यावर दोघं बसून. सूचना कानडीत होत्या आणि मला कानडी बोलता येतं, वाचता धड येत नाही. ती एकेक ओळ बोटानं दाखवत वाचायची. दोघांचाही पहिला पर्याय एकच, बेळगावचं ते कॉलेज. दोन्ही फॉर्मवर मोबाइल नंबर माझा, कारण घरात मोबाइल एकच आणि तो माझ्या खिशात. पासवर्ड तिनं श्रुतीच्या चित्रकलेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले, एकाखाली एक. शेवटी एक बटण होतं. ते दाबलं नाही तर भरलेलं सगळं वाया जाणार, असं लाल अक्षरात लिहिलं होतं. तिनं माझ्या फॉर्मवर ते दाबलं. मग तिच्या फॉर्मवर दाबलं. मी शेजारी बसून पाहिलं.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी पाहिलं.

तर, मेसेज आला तेव्हा मी वखारीत होतो, हात कोपरापर्यंत तंबाखूत. दोन मेसेज. पहिल्यात तिचं नाव आणि बेळगावचं ते कॉलेज. दुसऱ्यात माझं नाव आणि या फेरीत जागा नाही. तीन दिवसांत कळवायचं होतं. जागा घेणार, पुढच्या फेरीपर्यंत थांबणार, की सोडणार.

मी तिला सांगितलं नाही.

बरीच वर्षं मी स्वतःशी एवढंच म्हणत आलो. मी फक्त सांगितलं नाही, मुदत आपोआप निघून गेली, मी काही केलं नाही. माणूस काही न करून किती गुन्हेगार होतो? थोडाच ना? हे लिहायला बसलो तेव्हाही हेच लिहायचं ठरवलं होतं. वर लिहिलेलं ते एक वाक्य, की सायबर कॅफेत बसून घेतला, तेही खोडायचा विचार आला. खोडलं नाही. म्हणजे आता पुढचं सांगायलाच हवं.

पहिल्या दिवशी मी खरोखर सांगणार होतो. घरी आलो तर ती दारात बसून श्रुतीच्या केसांतला गुंता काढत होती. वर पाहून म्हणाली, “आला का वं मेसेज?” मी म्हणालो, “न्हाय अजून.” तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ती विसरल्यासारखं दाखवत होती, पण माझ्या खिशाकडे बघत होती. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मी वखारीतून तासाची सुट्टी घेतली. श्रुतीच्या वहीचं शेवटचं पान सकाळीच फाडून खिशात ठेवलं होतं. सकाळी फाडलं होतं. म्हणजे दुपारी काय करायचं ते सकाळी ठरलेलं होतं. त्याच बाकड्यावर बसलो. तिचं पान उघडलं. तिचा फोटो समोर आला, केस चापून बसवलेले, डोळे जरा मोठे केलेले, फोटोसाठी करतात तसे. आणि ‘जागा सोडत आहे’ हा पर्याय मी निवडला. खात्री आहे का, असं विचारलं. आहे, म्हणालो. म्हणजे दाबलं.

मुदत संपायला चार तास होते. नुसता गप्प बसलो असतो तरी जागा गेलीच असती. पण मला तेवढाही धीर निघाला नाही.

का केलं? त्याची कारणं मला सांगता येतील. सांगायला लागलो तर ती पटतीलही. घर, पोरगी, आईचं वय, वखार बंद पडणार, बाई रोज सकाळी बेळगावच्या गाडीला आणि नवरा वखारीत, लोक काय म्हणतील. यातलं काही खोटं नाही. पण त्या बाकड्यावर बसलो होतो तेव्हा यातलं काही माझ्या मनात नव्हतं. तीन आकडे आणि चार आकडे, एवढंच होतं. म्हणून कारणं राहू देत.

घरी आलो. आणि आता जे सांगतो ते बटण दाबण्यापेक्षा वाईट आहे.

मला वाटलं होतं, नंबर लागला नाही म्हणून सांगावं. पण तिचा क्रमांक तिला माहीत होता. तेवढ्या क्रमांकावर जागा मिळणारच, हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं. ती हिशेब मांडून बसली असती. म्हणून मी म्हणालो, “तुझा फॉर्मच गेला न्हाय. शेवटचं बटण दाबायचं ऱ्हायलं तुझं.”

ती पीठ मळत होती. हात थांबले.

“दाबलतं की मी.”

मी खिशातला मोबाइल काढून फळीवर ठेवला.

“दाबलतं…” ती म्हणाली. मग, “दाबलतं वाटतंय. आधी तुमचा भरला. तुमचा दाबला. मग माझा…” तिनं डोळे मिटून घेतले, बोट हवेत हललं, त्या दिवशी पडद्यावर हललं होतं तसं. “का तुमचाच दोनदा दाबला?”

माझ्यासमोर, एका मिनिटात, तिची खात्री विरघळली. मी ती विरघळताना पाहिली. मला एकच शब्द बोलायचा होता. व्हय. व्हय, तू दाबलंस. मी काय बोललो माहीत आहे? “जाऊ दे. आता बघून काय व्हणार.”

पुढच्या फेरीत मला त्याच कॉलेजात जागा मिळाली. तिनं सोडलेली — नाही, परत चुकलो — मी सोडलेली, तीच होती की दुसरी, ते मला माहीत नाही. मी कधी शोधलं नाही.

आणखी एक आहे. ते सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही.

आमच्या समाजात भाद्रपदात पर्युषण संपलं की दुसऱ्या दिवशी क्षमावणी असते. लहानमोठे सगळे एकमेकांसमोर हात जोडतात आणि म्हणतात, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. समोरचाही तेच म्हणतो. बापलेकाला, सासूसुनेला, वर्षभर न बोलणाऱ्या भावाभावांना त्या दिवशी हे म्हणावं लागतं. मी लहान होतो तेव्हा मला तो वर्षातला सगळ्यात हलका दिवस वाटायचा. पाटी पुसल्यासारखा.

त्या वर्षीची क्षमावणी माझ्या ॲडमिशननंतर तीनच आठवड्यांनी आली. बस्तीतून घरी आलो. आईच्या पाया पडलो. मग त्रिशला समोर आली. हात जोडले. ठरलेलं वाक्य तिनं म्हटलं नाही. खाली बघत म्हणाली, “माझ्या वेंधळेपणानं आपल्या दोघांचं एकदम झालं असतं ते ऱ्हायलं. तुमाला आता एकट्याला सगळं वढावं लागतंय. क्षमा करा.”

आणि मी हात जोडून म्हणालो, “उत्तम क्षमा.”

मी तिला क्षमा केली.

समजतंय ना मी काय सांगतोय? जे तिनं केलंच नव्हतं, जे मी केलं होतं, त्याबद्दल मी तिला क्षमा केली. मोठ्या मनानं. आई बाजूला उभी होती. तिनं डोळ्यांना पदर लावला. तिला वाटलं, आपला लेक किती समजूतदार.

त्यानंतर तीन वर्षं सकाळच्या गाडीनं निपाणीहून बेळगाव. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान पोरं वर्गात, मला काका म्हणायची. गणिताच्या वेगळ्या वर्गाला मी बसायचो, पण शिकलो घरीच. संध्याकाळी ती शिकवायची. तीच जुनी कॅलेंडरं, तीच पेन्सिल, परत पयल्या ओळीवरनं. प्रोग्रामिंगची पुस्तकं ती माझ्याआधी वाचून ठेवायची आणि मला सोपं करून सांगायची. संगणक आमच्याकडे नव्हता. कागदावरच सगळं, चौकोन काढून, बाण काढून. आजही एखादा प्रोग्राम कुठं फिरून अडकला की मी एकेक फेरी मनात मोजतो. कानडीत मोजतो.

नोकरी लागली, बेळगावातच, एका छोट्या कंपनीत. आम्ही खासबागेत राहायला आलो. कपड्यांचा वास गेला. त्रिशलानं शेजारच्या पोरांना गणित सांगणं मात्र बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायची, “माझ्या हातनं कायतरी ऱ्हातंय बगा. पोरांचं नुकसान नको.” घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघायची. रिक्षात बसल्यावर म्हणायची, गॅस बंद केला का मी? परत उतरायची. बँकेच्या कागदावर सही केली की कागद माझ्याकडे द्यायची, “बगा जरा, कुठं ऱ्हायली का.” कधीही राहिलेली नसायची. एकदाही नाही.

आणि आम्ही त्याची थट्टा करायचो. आम्ही म्हणजे, थट्टा सुरू मी केली. फॅन चालू राहिला, गिझर चालू राहिला की मी म्हणायचो, “मम्मीनं बटण दाबलं का?” श्रुतीनं ते उचललं. पाहुण्यांसमोर म्हणायची. पाहुणे विचारायचे, काय भानगड आहे? मग श्रुती ती गोष्ट सांगायची, मम्मीचा फॉर्म, पप्पांचा फॉर्म, मम्मी बटण दाबायला विसरली. पोरगी नक्कल छान करते. लोक हसायचे. त्रिशलाही हसायची. म्हणायची, “म्हणून तर ह्यास्नी बायको बिनपगारी मास्तरीण मिळाली.” मीही हसायचो. गोष्ट जितक्या वेळा सांगितली गेली, तितकी ती पक्की झाली. कधीकधी, हे लिहायला लाज वाटते, मलाच क्षणभर वाटायचं, की खरंच राहिलं असेल तिचं.

दोनेक वर्षांपूर्वी एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं. दुसऱ्या शाखेतून संगणकाकडे वळणाऱ्या मुलांसाठी. वखारीतून इथवर कसा आलो ते सांगितलं. बायकोनं शिकवलं, तेही सांगितलं. तेवढं सांगायला मला नेहमी आवडतं, त्यात मी चांगला दिसतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “मग मॅडमनी का नाही केलं सर?” मी म्हणालो, “तिचा फॉर्म राहून गेला.” मुलगी जरा वेळ उभीच राहिली. मग बसली. बेळगावच्या उन्हात मी स्कूटर काढली आणि घराच्या दिशेनं न जाता कंग्राळीकडे गेलो, कारण नसताना, आणि शेतांजवळ तासभर उभा राहिलो. घरी आल्यावर काही सांगितलं नाही. दोन वर्षं गेली.

मग या वर्षी श्रुतीची बारावी झाली. पर्याय भरायचे होते. आता सगळं घरातच, लॅपटॉपवर. श्रुतीनं जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला आणि मम्मीला हाक मारली. कानडी सूचना वाचायला आजही घरात तिच्याइतकं चांगलं कुणी नाही. त्रिशला स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. पुढं येईना. दोन्ही हात पाठीमागं धरलेले.

“तू वाच, मी हितनं सांगतो,” ती म्हणाली.

“अगं मम्मी, ये की. लॅपटॉप चावतोय व्हय?”

“मी हात लावत न्हाय.”

“हात कुठं लावायचाय? बघ नुसतं. बटण मी दाबतो, भिऊ नको.” श्रुती माझ्याकडे बघून हसली. मी हसावं म्हणून.

शेवटचं बटण दाबायची वेळ आली तेव्हा त्रिशला दारातून निघून गेली. मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. श्रुतीनं ओरडून सांगितलं, झालं म्हणून, तेव्हा आत आली. मी तिचे हात बघत होतो. पाठीमागं बांधल्यासारखे. चव्वेचाळीस वर्षांची बाई, जिच्या हातानं आजवर एक बेरीज चुकली नाही, ती स्वतःच्या हातांना लेकीच्या आयुष्यापासून लांब धरून उभी होती. ते हात मी बांधले होते.

मी ठरवलं, क्षमावणीला सांगायचं. भाद्रपद आला. बस्तीत गर्दी होती. सगळीकडे हात जोडलेले, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. त्रिशला समोर आली. मी पाठ करून गेलो होतो. आणि माझ्या तोंडातून निघालं, “जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर…” चुकलं असेल तर. तेरा वर्षं मी या ‘तर’मागे लपलो होतो. चौदाव्या वर्षीही लपलो. ती म्हणाली, “उत्तम क्षमा,” आणि पुढच्या बाईकडे वळली.

तेव्हा कळलं, त्या दिवशी मला कधीच सांगता येणार नाही. त्या दिवशी सगळ्यांनाच क्षमा मिळते. मला ती फार स्वस्तात मिळाली असती.

चार दिवसांनी, मंगळवारी, मी ऑफिसातून दुपारीच घरी आलो. ती शेंगा फोडत बसली होती. समोर बसलो. म्हणालो, “त्रिशला, तू बटण दाबलतंस.”

तिला कळलं नाही. कसलं, म्हणाली.

“फॉर्मचं. बेळगावच्या. तू दाबलतंस. मी बघितलं होतं. तुझी जागा आलती. मला मेसेज आलता. मी तुझ्या पानावर जाऊन ती सोडली आणि तुला खोटं सांगितलं.”

शेंगा फोडायची थांबली नाही. चार-पाच शेंगा फोडल्या. मग विचारलं, “कुठलं आलतं?”

मी कॉलेजचं नाव सांगितलं.

“पयलंच?”

“व्हय. पयलंच.”

तिनं मान हलवली. माझ्याशी बोलल्यासारखी नाही. एखादं जुनं उदाहरण उत्तराशी ताडून बघावं, तशी. “मला वाटलतंच,” ती म्हणाली. “क्रमांक तेवढा हुता.” मग हातातली शेंग खाली ठेवली. ती आत गेली आणि खोलीचं दार लावलं. दिवस कलेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. टरफलं तशीच.

जेवणाच्या वेळी बाहेर आली. डोळे सुजलेले. तिघांची ताटं वाढली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “श्रुतीला सांगा. ती हसत्या माझ्यावर.”

मी श्रुतीला सांगितलं. सगळं. चित्रकलेच्या वहीचं पान सकाळी फाडलं, तेही. पोरगी आधी माझ्याकडे बघत होती, मग ताटाकडे, मग आईच्या हातांकडे. घास तिच्या हातातच राहिला. बाहेर उजेड कमी होत चालला होता. ती वेळ आमच्याकडे जेवण संपायची. त्या दिवशी कुणाचं सुरूही झालं नव्हतं.

मग मी त्रिशलाकडे वळलो. क्षमा कर, असं म्हणालो नाही. तो शब्द मी तिच्याशी आधीच एकदा वापरला होता. मी म्हणालो, “त्या वर्षी तू माझ्यासमोर हात जोडलंस, आणि मी तुला क्षमा केली म्हणालो. ती करायचा मला हक्क नव्हता. ती मी आज परत घेतो. तुझं काही राहिलं नव्हतं, त्रिशला. तू बरोबर दाबलतंस.”